लातूरला ठेवला नसता तर…

मॅडम, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मिस्टर एसटीत चालक आहेत, आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर असतात. मुलगी मोठी, कॉलेजला आहे. मुलगा १७ वर्षांचा, बारावीला. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून नीट परीक्षेच्या तयारीसाठी त्याला लातूरला वसतिगृहात ठेवला. मे महिन्यात घरी आला तेव्हा त्याने ताईला सांगितलं, की मला मुली आवडत नाहीत, मुलं आवडतात. तिने मला सांगितलं, माझ्याकडून ह्यांना कळलं. ह्यांनी मारलं नाही, पण मोबाइल काढून घेतला आणि तो जाईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ह्यांचं म्हणणं, वसतिगृहातल्या पोरांनी आणि मोबाइलवरच्या सिरीजनी त्याला हे शिकवलं. दीर म्हणतात, पुण्यात एक डॉक्टर आहेत, कोर्स करून घ्या, बरा होईल. सासूबाई म्हणतात, यल्लम्माचं काही राहून गेलंय, सौंदत्तीला जाऊन या. ह्यांनी तर ठरवूनच टाकलंय, शिक्षण संपलं की लगेच लग्न.

मला वाटतं चूक माझी आहे. बाप घरी नसायचा, म्हणून तो माझ्याच मागेमागे वाढला. माझ्याशेजारी बसून भाकरी थापायचा. लातूरला ठेवला नसता तर हे झालं नसतं का? आता घरी आणून वातावरण बदललं तर तो पहिल्यासारखा होईल का? आणि एक लहान गोष्ट. दरवर्षी आमचा गणपती तोच आणतो, पाट त्याच्याच हातात असतो. यंदा सासूबाई म्हणतात, त्याने मूर्तीला हात लावायचा नाही. मी काय करू?

— एक आई

प्रिय ताई,

तुमचं पत्र चार दिवस माझ्या टेबलावर आहे. रोज उघडते आणि त्या भाकरीच्या ओळीपाशी थांबते. चुलीपाशी बसून पोरगं परातीत पीठ थापतंय, त्याच्या हाताएवढीच भाकरी होतेय, आणि तुम्ही हसून ती तव्यावर टाकताय, एवढंच मला दिसतं. त्यात तुम्ही आज चूक शोधताय. ती तिथे नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, मग बाकीचं. लातूरला ठेवला नसता तरी तुमचा मुलगा असाच असता. फरक इतकाच पडला असता, की त्याने कदाचित कुणालाच सांगितलं नसतं. आणि पहिल्यासारखा व्हायचं म्हणाल, तर तो पहिल्यासारखाच आहे. भाकरी थापणारा, चांगले मार्क पाडणारा, गणपतीचा पाट उचलणारा मुलगाच समलिंगी आहे. त्याचं त्याला आधी कळलं, तुम्हाला आत्ता.

‘वातावरण’ हा शब्द तुमच्या पत्रात आला आहे. संशोधकही तोच शब्द वापरतात आणि तिथेच मोठा घोटाळा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१९ मध्ये जवळपास पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगीपणाचं असं एक जनुक सापडलं नाही. बारीकबारीक परिणाम करणारी पुष्कळ जनुकं मिळून थोडा भाग उचलतात, आणि कुणाचं रक्त तपासून तो कुणावर प्रेम करेल हे सांगता येत नाही. लगेच लोक म्हणाले, बघा, जनुकं नाहीत म्हणजे वातावरणच! पण या शास्त्रात ‘वातावरण’ म्हणजे घर, शाळा आणि मोबाइल नव्हे. जनुकं सोडून जे जे काही, ते सगळं वातावरण. आईच्या पोटातले नऊ महिनेही त्यातच आले.

स्वीडनमध्ये जुळ्यांच्या ३,८२६ जोड्यांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच घरात, एकाच आईबापांच्या हाताखाली वाढलेली भावंडं. पुरुषांच्या बाबतीत असं दिसलं, की दोघांना मिळून जे सारखं वातावरण असतं, म्हणजे घर, वळण, संस्कार, आईबापांचा स्वभाव, त्याचा वाटा जवळजवळ काहीच नाही. जनुकांचा वाटा साधारण एकतृतीयांशाच्या वर, आणि उरलेला प्रत्येकाचा वेगवेगळा. त्या उरलेल्या भागात काय काय असतं याचा एक धागा १९९६ पासून पुन्हापुन्हा सापडतो आहे: ज्या मुलाच्या आधी त्याच आईला मुलगे झालेले असतात, तो समलिंगी असण्याची शक्यता प्रत्येक थोरल्या भावामागे थोडी वाढते. सावत्र किंवा दत्तक भावांमुळे वाढत नाही, एकाच आईच्या पोटी आलेल्या भावांमुळे वाढते, मग ते भाऊ एका घरात वाढलेले असोत वा नसोत. तुमच्या मुलाला थोरली बहीण आहे, तेव्हा हे त्याला लागू नाही. पण ‘वातावरण’ हा शब्द ऐकला की लातूरच्या वसतिगृहाकडे बोट करायची घाई किती चुकीची आहे, ते यावरून कळेल.

तुम्ही अंगणवाडीत रोज हेच बघता. वीस-पंचवीस लेकरं, तोच खाऊ, तीच गाणी, तीच ताई. त्यातलं एखादं पहिल्या दिवसापासून डाव्या हाताने खडू धरतं, एखादं गर्दीला बुजतं, एखादं ऐटीत पुढे येऊन नाचतं. ते तुम्ही शिकवलेलं नसतं.

आता तुमच्या अपराधाबद्दल. आईचा पदर आणि दूर असलेला बाप यातून मुलगा समलिंगी होतो, हा विचार तुमच्या डोक्यात गावातून आलेला नाही. तो अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांनी मांडला, १९६२ मध्ये त्यावर मोठं पुस्तकही निघालं, आणि तिथून तो जगभर पसरला. त्यातली खोट अशी, की त्यांनी पाहिलेले सगळे पुरुष मनोविश्लेषकांकडे उपचार घेणारे रुग्ण होते. त्याच्या आधीच, १९५७ मध्ये, एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपचार न घेणारे, आपापलं आयुष्य जगणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले, सगळ्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि नावं झाकून त्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोण कुठला, तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. आणि बाप घरी नसण्याचं म्हणाल, तर सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी घ्या. तिथे पिढ्यानपिढ्या बाप सरहद्दीवर आणि पोरं आईपाशी. तुमचं म्हणणं खरं असतं तर त्या गावाची कथा वेगळीच झाली असती. तुमच्या मिस्टरांनी मुक्कामी गाड्या मारून पोरांची फी भरली. तुम्ही पोराला भाकरी शिकवली. या दोन्ही गोष्टींचा अभिमान बाळगा.

वसतिगृहाबद्दलची शंका मात्र मला कळते, कारण ती पुष्कळ आईबापांना येते. ब्रिटनमध्ये १९९०-९१ साली सुमारे १९ हजार लोकांची लैंगिक जीवनाबद्दल मोठी पाहणी झाली. निवासी शाळेत शिकलेल्या पुरुषांनी त्या वयात दुसऱ्या मुलाशी जवळीक झाल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. पुढच्या आयुष्यात मात्र त्यांच्यात समलिंगी संबंध इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. म्हणजे मुलंच मुलं असलेल्या जागी कुतूहल होतं, ते येतं आणि जातं. ओढ कुणाकडे आहे, हे त्यातून ठरत नाही. बहुतेकांना पहिली जाणीव त्याच्याही खूप आधी, दहाव्या वर्षाच्या आसपास होते. वर्गातला एखादा मुलगा शेजारी बसला की पोटात काहीतरी होतं, आणि हे कुणाला सांगायचं नाही, हेही त्याच क्षणी कळतं. तुमच्या मुलालाही बहुधा चौथी-पाचवीतच, तुमच्या गावातल्या शाळेत, काहीतरी कळलं असेल.

एक गोष्ट मात्र हळूच विचारून घ्या. वसतिगृहात कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली आहे का, कुणी धमकावतंय का, कुणी ‘बायल्या’ म्हणून छळतंय का. जबरदस्ती झाली असेल तर तो गुन्हा आहे, त्याचं वय १८ च्या खाली आहे आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा त्याच्या बाजूने आहे. पण हा प्रश्न ‘तू असा कशाने झालास’ याचं उत्तर काढण्यासाठी विचारू नका. तो सुरक्षित आहे का, एवढ्यासाठीच विचारा. दोन्ही प्रश्नांतला फरक मुलाला आवाजावरूनच कळतो.

आता मोबाइल. तुमच्या मिस्टरांना एक विचारा: जन्मल्यापासून १७ वर्षं त्याने किती लग्नं पाहिली, किती सिनेमे, किती मालिका? प्रत्येक गाण्यात हिरो आणि हिरॉइन. एवढं पाहून जर त्याला मुली आवडल्या नाहीत, तर वर्षभरात पाहिलेल्या दोन-चार सिरीजनी मुलं कशी आवडायला लावली?

पण मी इथे तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगणार नाही. वातावरणाने काहीच होत नाही असं नाही, खूप होतं. कशाला काय नाव द्यायचं, कधी ओळखायचं, कुणाला सांगायचं, सांगितल्यावर काय होतं, हे सगळं आजूबाजूचा समाज ठरवतो. अमेरिकेत जनमत चाचण्या घेणारी गॅलप संस्था वरचेवर लोकांना विचारते. आपण समलिंगी, उभयलिंगी (म्हणजे स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असलेले) किंवा तृतीयपंथी आहोत असं २०१२ मध्ये ३.५ टक्के प्रौढांनी सांगितलं होतं, २०२४ मध्ये ९.३ टक्क्यांनी सांगितलं. बारा वर्षांत माणसाचं शरीर बदलत नाही. बदलली ती सांगण्याची हिंमत आणि हाताशी असलेले शब्द. या वाढीत सगळ्यांत मोठा वाटा स्वतःला उभयलिंगी म्हणणाऱ्या तरुण मुलींचा आहे. मागच्या पिढीत अशा मुलींनी लग्न केलं असतं आणि त्या एका मैत्रिणीबद्दल कधीच कुणाला सांगितलं नसतं.

हे समजायला अमेरिकेपर्यंत जायलाही नको, तुमच्या सासूबाईंपाशीच बसा. त्या सौंदत्ती म्हणाल्या ते उगाच नाही. सांगली-कोल्हापूरकडे चालण्या-बोलण्यात बायकी वाटणाऱ्या मुलाला जुनी माणसं काय म्हणायची, ते त्यांना माहीत आहे. त्याच्या केसांत जट दिसली की देवीने बोलावलं म्हणायचे, साडी नेसवायचे, डोक्यावर देवीचा जग आणि हातात परडी द्यायचे, तो जोगत्या, म्हणजे देवीला वाहिलेला सेवक व्हायचा. कुणाला त्यात मान मिळाला, कुणाचं आयुष्य मागून खाण्यात गेलं. पण विचार करा, त्या काळच्या समाजाकडे अशा मुलासाठी एवढी एकच जागा होती. ज्याला साडी नेसायची नव्हती, जो पँट-शर्टातला साधा मुलगा होता आणि ज्याला फक्त दुसरा मुलगा आवडायचा, त्याच्यासाठी जागाही नव्हती आणि शब्दही नव्हता. तो लग्न करून गप्प बसायचा. (स्वतःला बाई मानणं आणि पुरुष असून पुरुष आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्रावरून तरी तुमच्या मुलाची गोष्ट दुसरी दिसते, पण ते त्यालाच सांगू द्या.) मुलं दोन्ही काळांत होतीच. समाजाने फक्त त्यांना दिलेली नावं बदलली.

आणि मराठीत हा प्रश्न काही आजचा नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. त्यात वाचक आपले खाजगी प्रश्न पाठवायचे, समलिंगी ओढीबद्दलचेही, आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या एका आईने मुलाबद्दल सिग्मंड फ्रॉइडला पत्र लिहिलं. त्याने उत्तरात कळवलं, की यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि याला आजार म्हणता येत नाही. तुमच्यासारखंच पत्र, तुमच्यासारखीच आई, आणि मध्ये सुमारे नव्वद वर्षं गेली.

आता दिरांच्या डॉक्टरकडे येते. इथे मी विनंती करत नाही, हात जोडून अडवते. नेऊ नका. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये समलिंगीपणा आजारांच्या यादीतून काढला, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असे ‘उपचार’ बंद करायला सांगितले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे जो डॉक्टर ‘कोर्स’ देतो म्हणतो, तो स्वतःच नियम मोडतो आहे. या कोर्सच्या नावाखाली विजेचे झटके दिले गेले आहेत, उलट्यांची औषधं दिली गेली आहेत. त्यातून कुणाची ओढ बदलली नाही, माणसं मात्र मोडली. रॉबर्ट स्पिट्झर नावाच्या नामांकित मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये लिहिलं होतं, की काही लोक बदलू शकतात. २०१२ मध्ये त्यांनीच तो अभ्यास चुकीचा होता म्हणून जाहीर माफी मागितली.

मलाही एक माफी मागायची आहे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आई मुलाला घेऊन आली होती, साधारण तुमच्या मुलाच्याच वयाचा. मी तासभर बोलले आणि शेवटी आईला म्हणाले, वय आहे, निघून जाईल, जबाबदारी पडली की होईल सुरळीत. तो दाराशी चप्पल घालत होता. एक पाय चपलेत, एक बाहेर, तसाच थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काही बोलेल. बोलला नाही. नऊ वर्षांनी परत आला, बरोबर बायको होती. लग्नाला दोन वर्षं झालेली. ती मुलगी माझ्यासमोर एवढंच म्हणाली, ‘मॅडम, माझ्यात काय कमी आहे ते तरी कुणी सांगा.’ तिच्यात काहीच कमी नव्हतं. एका घराच्या भीतीने दोन आयुष्यं त्या खोलीत आणून बसवली होती, आणि त्या भीतीला माझाही हात लागला होता. म्हणून तुमच्या मिस्टरांना सांगा, लग्न हा उपाय नाही. त्यात कुणाच्या तरी मुलीचा बळी जातो, आणि तुम्हालाही एक मुलगी आहे.

मी तेव्हा म्हटलेलं ‘वय आहे’ पूर्ण खोटं का नाही, तेही सांगते, कारण तुम्ही ते इतरांकडूनही ऐकाल. या वयात काही मुलं स्वतःच्या ओढीला एक नाव देतात, समलिंगी किंवा उभयलिंगी असं, आणि पुढे दुसरं देतात. लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही तरुणींचा दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा अनेकींनी मधल्या काळात ओढीला दिलेलं नाव बदललं होतं. पण डायमंड स्वतःच सांगतात, की हा बदल आपोआप होतो, ठरवून किंवा कुणी जबरदस्तीने घडवून आणता येत नाही. तेव्हा तुमच्या मुलाला ‘नक्की का?’ असं दर आठवड्याला विचारू नका, आणि मनात ‘बदलेल’ म्हणून आस लावूनही बसू नका. आज तो जे सांगतोय ते आज खरं आहे.

आता वातावरण बदलायचं म्हणता ना, तर ते खरंच बदला, पण वसतिगृहाचं नाही, घराचं. अमेरिकेत कॅटलिन रायन यांनी समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांना विचारलं, की किशोरवयात घरच्यांनी तुमच्याशी काय केलं. बोलणं टाकलं का, मित्र तोडले का, लोकांत लाज वाटते म्हणाले का, मारलं का, अशा एकेक गोष्टी मोजल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांना घराने सर्वांत जास्त झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण न झिडकारलेल्या किंवा फारसं न झिडकारलेल्यांपेक्षा ८.४ पट निघालं. आठ पट, ताई. मुलं तशीच होती, घरं वेगळी होती. मूल कुणाकडे ओढलं जाईल हे घराला ठरवता येत नाही, पण ते सुखाने जगेल का, हे बरंचसं घरावर असतं.

तुमच्या घरातलं मोजू. मिस्टर बोलायचे थांबले, मोबाइल काढून घेतला, देवाच्या कामातून वगळायचं चाललं आहे. त्याने सांगितलं होतं एका बहिणीला, पोचलं चौघांपर्यंत. त्याच्या मुठीत जपलेली गोष्ट त्याला न विचारता घरभर फिरली. याबद्दल त्याची माफी मागा, आणि इथून पुढे कुणाला सांगायचं ते त्याच्या हातात ठेवा. माहेरीसुद्धा नाही. मोबाइल परत द्या. लातूरच्या त्या खोलीत नीटचं ओझं, बारावीचं ओझं आणि हे तिसरं ओझं घेऊन तो एकटा आहे. रात्री अकरा वाजता बोलायला त्याच्याकडे माणूस असायला हवं, आणि ते तुम्ही असायला हवं. सारखा झोपत नसेल, जेवत नसेल, आपल्या वस्तू मित्रांना वाटत असेल, ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला, तर त्याच दिवशी गाडी धरा. टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी सेवा आहे, १४४१६ वर रात्रीअपरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं. त्यालाही नंबर द्या, तुम्हीही ठेवा.

मुलाला समुपदेशकाकडे न्यायचं असेल तर जरूर न्या, पण पहिल्या फोनवर एक प्रश्न विचारा: तुम्ही हे बदलता का? ‘हो’ म्हणाले तर फोन ठेवा.

मिस्टरांना वेळ लागेल. त्यांच्यावर चिडू नका, त्यांचा राग पोटातल्या भीतीचा आहे. डेपोत कळलं तर, पाहुण्यांत कळलं तर. त्यांना मद्रासच्या त्या खटल्याची गोष्ट सांगा. दोन तरुणी मदुराईहून घरातून निघून आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल द्यायच्या आधी उघड कबूल केलं, की मला हा विषय नीट कळलेला नाही. मग ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञांसमोर शिकायला बसले आणि त्यानंतर २०२१ चा तो निकाल दिला. हायकोर्टाचा न्यायाधीश ‘मला माहीत नाही’ म्हणू शकतो, तर आपणही म्हणू शकतो. आणि ‘स्वीकार’ नावाचा अशा मुलांच्या आईबापांचा गट आहे, २०१७ पासून चालतो. समलिंगी लोकांसाठी काम करणारा मुंबईतला हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. त्यांच्यामार्फत एखाद्या बापाशी त्यांचं बोलणं करून द्या. माझं शंभरदा ऐकण्यापेक्षा दुसऱ्या बापाचं एकदा ऐकलेलं त्यांना जास्त पटेल.

सासूबाईंना सौंदत्तीला जायचं असेल तर सगळे मिळून जा. देवीला हळद-कुंकू वाहा, नैवेद्य दाखवा, त्यांची श्रद्धा आहे, ती मोडायचं कारण नाही. फक्त मुलाला ‘उतरवून घ्यायला’ म्हणून नेऊ नका. त्याच्या अंगात काही शिरलेलं नाही.

राहिला गणपती. तुम्ही ती गोष्ट लहान म्हणालात, मला ती अख्ख्या पत्रातली सर्वांत मोठी वाटली. लातूरहून तो सुट्टी घेऊन येणार आहे, आणि गाडीत बसल्यापासून त्याच्या मनात एकच असेल: यंदा पाट माझ्या हातात देतील का. सासूबाईंशी वाद घालू नका. आदल्या रात्री पाट घासून-पुसून, रुमाल घालून दारापाशी ठेवा. सकाळी त्याच्या डोक्यावर तुम्ही स्वतः टोपी ठेवा आणि पाट त्याच्या हातात द्या. सासूबाई काही बोलल्या तर म्हणा, ‘आई, हा आपल्या घरचा गणपती आहे आणि हा आपल्या घरचा मुलगा.’ दाराशी त्याच्या पायावर पाणी घालताना, भाकरतुकडा ओवाळताना हात थरथरला तर थरथरू द्या.

मिस्टरांची ड्युटी त्या दिवशी मुक्कामी लागली नसली, तर त्यांनाही सोबत मूर्ती आणायला पाठवा. काही बोलले नाहीत तरी चालेल. परत येताना नुसते त्याच्याशेजारून चालले तरी पुरे.

तुमची,
सदरलेखिका